डिप्रेशन ते बायपोलर टाइप टू: निदान बदललं तेव्हाचा अनुभव

या फेब्रुवारीत माझ्या फाइलवरचं निदान बदललं. आधी तिथे 'वारंवार येणारं नैराश्य' होतं, आता 'बायपोलर, टाइप टू' आहे, म्हणजे नैराश्याच्या जोडीला मधूनमधून मूड चढण्याचाही आजार. दोन्ही मूड डिसऑर्डरच, म्हणजे भावावस्थेचे विकार, पण औषधं वेगळी आणि पुढे घ्यायची काळजीही वेगळी. इथवर यायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या काळात मला हवी असलेली माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली: थोडी डॉक्टरांकडून, थोडी वाचून आणि बरीचशी घरच्यांच्या आठवणींतून. सध्या कुणी याच टप्प्यावर असेल तर त्यांना ती सलग मिळावी म्हणून लिहिते आहे. मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते माझ्यापुरतं आहे. तुमचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

सुरुवात गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये झाली. मला दुःख होत नव्हतं, हे आधीच सांगते, कारण नैराश्य म्हणजे सारखं रडणं असंच पुष्कळांच्या डोक्यात असतं. मला काहीच वाटत नव्हतं. आवडीची गोष्ट समोर असली तरी हात पुढे व्हायचा नाही. पहाटे साडेतीन-चारला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. आंघोळीला जायचं म्हणून उठायचे आणि पलंगाच्या कडेवरच बसून राहायचे. ऑफिसची साधी मेल परत परत वाचूनही डोक्यात शिरायची नाही. आणि या सगळ्यावर एक पक्की खात्री, की आपण घरच्यांना ओझं झालो आहोत.

नवऱ्याने आधी फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. थायरॉइडचं काम मंदावलं तरी थकवा, सुस्ती, कशात मन न लागणं असं सगळं नैराश्यासारखंच दिसतं. बी-१२ फार कमी असेल तरीही. स्टेरॉइडसारखी काही औषधं मूड खालीही नेऊ शकतात आणि वरही. म्हणून आधी शरीराकडून काही कारण आहे का, ते पाहायचं असतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. त्यात मलमं, इनहेलर, काढे, सप्लिमेंट, सगळं येतं. रिपोर्टही जपून ठेवा. माझेच रिपोर्ट पुढे मनोविकारतज्ज्ञांना चालले आणि तो खर्च पुन्हा करावा लागला नाही.

रिपोर्ट नॉर्मल आले. मग त्यांनी पीएचक्यू-९ नावाचा एक पानी फॉर्म भरायला दिला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा त्याच्या वर गेली की नीट तपासणी हवी असं धरतात, २० किंवा त्याच्या वर म्हणजे तीव्र. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे डॉक्टरांनी सांगितलं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. नवरा शेजारी बसला होता आणि पेन त्या ओळीवर अडलं. मी खरं उत्तर लिहिलं. कुणी ओरडलं नाही, कुणी घाबरून ॲडमिट करायला नेलं नाही. डॉक्टरांनी शांतपणे आणखी विचारलं: विचार कधी येतात, काही ठरवलं आहे का, घरात औषधांचा साठा आहे का. गोळ्या नवऱ्याच्या ताब्यात गेल्या, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहिलं गेलं. त्या प्रश्नाचं तुमचं उत्तर शून्य नसेल तर कृपा करून तसंच लिहा. आणि विचार ठरवण्यापर्यंत गेले असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

मनोविकारतज्ज्ञांची वेळ मिळायला काही आठवडे लागणार होते. फोनवर दोन गोष्टी सांगितल्याचा उपयोग झाला. कुणी अपॉइंटमेंट रद्द केली तर मला बोलवा, आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नाही. त्यामुळे नंबर बराच आधी लागला. पहिल्या भेटीची फी नंतरच्या भेटींपेक्षा जास्त होती, कारण ती भेट लांबलचक असते. आम्ही समुपदेशकाकडे जावं का, याचाही विचार केला होता. बोलण्याच्या उपचारांचा मला पुढे खूप उपयोग झाला, पण निदान करून औषध लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम. माझी अवस्था बघता आधी तिकडेच जायला हवं होतं.

त्या भेटीत पहिल्यांदा नीट कळलं की नैराश्याचं निदान कशावर करतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीत नऊ लक्षणं आहेत: उदास मन, कशातच रस किंवा आनंद न वाटणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं किंवा विनाकारण अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे, आणि त्यात पहिल्या दोनांपैकी एक तरी हवंच. शिवाय रोजच्या जगण्यात, कामात अडथळा यायला हवा. म्हणजे उदास वाटत नसतानाही नैराश्य असू शकतं. माझं तसंच होतं. एखादा आठवडा वाईट जाणं किंवा जवळचं माणूस गेल्यावर कोसळणं म्हणजे लगेच विकार नव्हे. शोकात दुःख लाटांसारखं येतं, मधेच एखाद्या आठवणीने हसूही येतं आणि स्वतःबद्दलचा आदर सहसा शाबूत असतो. पण शोकातसुद्धा नैराश्य जडू शकतं, म्हणून डॉक्टर दोन्ही शक्यता बघतात.

कॉलेजात असताना असाच एक काळ येऊन गेला होता, तेव्हा कुणाला दाखवलं नव्हतं. तो धरून निदान झालं 'वारंवार येणारं नैराश्य' आणि औषध सुरू झालं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला त्याहून जास्त लागतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं. पहिले काही दिवस मळमळ आणि डोकेदुखी झाली, गुण काहीच नाही. आधी सांगितलेलं नसतं तर मी गोळ्या बंद केल्या असत्या.

रजेसाठी ऑफिसला सर्टिफिकेट हवं होतं. त्यावर आजाराचं नाव लिहायलाच हवं का, असं मी एचआरला मेलवर विचारलं. उत्तर आलं की 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती' आणि तारखा एवढं पुरेसं आहे. ऑफिसगणिक हे वेगळं असेल, पण विचारून घ्या, आणि उत्तर लेखी असू द्या. विम्याच्या फॉर्मवर मात्र निदानाचा कोड लागतो. तिथे लिहिलेलं होतं एफ ३३. तो कोड कशाचा हे बघायला गेले आणि मूड डिसऑर्डरचं अख्खं कुटुंबच समोर आलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीत हे विकार एफ ३० ते एफ ३९ मध्ये येतात. एफ ३२ म्हणजे नैराश्याचा एकच झटका, एफ ३३ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा. एफ ३४ मध्ये वर्षानुवर्षं रेंगाळणारे प्रकार आहेत. एक डिस्थायमिया: फार खोल नाही, पण दोन वर्षं किंवा त्याहून जास्त टिकलेली उदासी. माणूस कामावर जातो, सगळं करतो, आणि घरचे म्हणतात 'त्याचा स्वभावच तसा'. दुसरा सायक्लोथायमिया: दोन वर्षं तरी सतत थोडं वर, थोडं खाली, पण पूर्ण झटक्याच्या व्याख्येत कधीच न बसणारं. एफ ३१ म्हणजे बायपोलर, द्विध्रुवीय विकार. याची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे आणि तिच्यातले कोड निराळे आहेत. दोन ठिकाणच्या कागदांवर दोन वेगळे कोड दिसले तर आधी ते कुठल्या यादीतले आहेत ते बघा. बाळंतपणाच्या आसपास सुरू होणारं किंवा ठरावीक ऋतूत येणारं नैराश्य यांना सहसा वेगळा आजार धरत नाहीत, मूळ निदानाला तशी पुरवणी जोडतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मूड तीव्रपणे बिघडून पाळी आल्यावर सावरत असेल, तर त्याला मात्र स्वतंत्र नाव आहे, पीएमडीडी. मुलांमध्ये आणि किशोरवयात उदासीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं.

मी ही यादी वाचली, एफ ३१ ची ओळही वाचली आणि पुढे गेले. तो आपला विषय वाटलाच नाही.

जूनमध्ये औषधाचा गुण आला. मग झोप कमी व्हायला लागली, पण या वेळी पहाटेचं ते जड जागेपण नव्हतं. तीन-चार तास झोपून मी ताजीतवानी उठत होते. रात्री कपाटं आवरायचे, मग ऑफिसच्या मेल लिहायचे. लांबलचक, आणि सूर धारदार. डोक्यात विचार इतके भरभर यायचे की एक वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. नवऱ्याने काही विचारलं की अंगावर धावून जायचे. आनंद म्हणावा असं त्यात फारसं नव्हतं. मन तापलेलं होतं.

पुढच्या भेटीत हे सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आधी एकच गोष्ट विचारली: असं पूर्वी कधी झालं होतं का, कुठलंही औषध चालू नसताना? मला आठवेना. त्यांनी आणखी एक फॉर्म दिला. यात तेरा हो-नाही प्रश्न होते, झोपेची गरज कमी होणं, नेहमीपेक्षा जास्त बोलणं, पैसे उधळणं, धोका पत्करणं अशा गोष्टींचे. पुढच्या वेळी मला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणाला तरी घेऊन या, असंही सांगितलं.

दादा आला. सगळ्या वर्षभरातली सर्वांत उपयोगी भेट तीच. डॉक्टरांनी त्याला नैराश्याबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त 'ही सगळ्यात जास्त उत्साहात कधी होती?' एवढंच विचारलं. दादा लगेच म्हणाला, "पहिल्या नोकरीच्या वर्षी. तेव्हा हिने नोकरी सांभाळून दोन कोर्स लावले होते, रात्रभर जागायची, माझ्याकडून आणि मित्रांकडून पैसे घेऊन व्यवसाय काढणार होती. मला वाक्य पुरं करू द्यायची नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आम्हाला वाटलं, तू आता मार्गाला लागलीस." मलाही तसंच वाटलं होतं. तो काळ माझ्या लेखी आयुष्यातला सर्वांत चांगला काळ होता. त्याच्यानंतर काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. दोघंही गप्प झालो, कारण नंतरचे कित्येक महिने मी घराबाहेर पडले नव्हते. नोकरीही सुटली होती. आम्ही सगळे त्याला 'थकवा' म्हणत आलो होतो.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बायपोलर टाइप वनमध्ये मॅनियाचा, उन्मादाचा, निदान एक झटका आलेला असतो: मूड चढलेला किंवा भयंकर चिडका, अंगात प्रचंड ऊर्जा, किमान आठवडाभर, किंवा रुग्णालयात ठेवावं लागण्याइतका. त्यात संसार, नोकरी, पैसा विस्कटतो, काहींना भासही होतात. टाइप टूमध्ये असतो हायपोमॅनिया, सौम्य उन्माद: लक्षणं तीच, किमान सलग चार दिवस, आजूबाजूच्यांना बदल स्पष्ट दिसतो, पण घडी मोडत नाही. उलट काम वाढतं, कौतुक होतं. सोबत नैराश्याचा किमान एक पूर्ण झटका हवा. टाइप टू म्हणजे टाइप वनची सौम्य आवृत्ती असं समजू नका, असं त्यांनी बजावलं, कारण यात माणूस चढलेल्या दिवसांच्या कितीतरी पट काळ नैराश्यात काढतो. आणि डॉक्टरकडे येतो तोही तेव्हाच. चढाच्या काळात डॉक्टरकडे कोण जाईल? म्हणून आजची लक्षणं कितीही नीट तपासली तरी साधं नैराश्य आणि टाइप टूमधलं नैराश्य यांत फरक करणं अवघड जातं. फरक मागच्या वर्षांमध्ये असतो.

हे काही नवं नाही, हे नंतर वाचलं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने १८९९ मध्येच आजार कालांतराने कसा वाटचाल करतो त्यावरून त्याचं वर्गीकरण केलं होतं. टाइप टू मात्र स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकन नियमावलीत १९९४ मध्ये आला.

तरीही डॉक्टरांनी त्या दिवशी निदान बदललं नाही. नैराश्याच्या औषधामुळे चढलेला मूड हा तेवढ्यापुरता औषधाचा परिणाम असू शकतो. औषधाचा अंमल ओसरल्यावरही पूर्ण लक्षणं टिकली तरच तो खरा हायपोमॅनिया धरतात. त्यांनी ते औषध टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केलं (एकदम थांबवू नये), झोपेसाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं आणि मला रोजचा मूड लिहायला लावला.

मूड चार्टबद्दल थोडं विस्ताराने सांगते. वहीत रोज एक ओळ. मूडला उणे ३ ते अधिक ३ मधला एक आकडा, झोपेचे तास, पाळी, औषध घेतलं की नाही, आणि त्या दिवशीची मोठी घटना दोन शब्दांत. मी मोबाइलवर सुरू केलं होतं, पण वही बरी पडली, कारण डॉक्टरांना महिना एका नजरेत दिसायचा. सगळ्यात कामाचा रकाना झोपेचा निघाला. मूडचा आकडा देताना आपण कालच्याशी तुलना करतो आणि फसतो, झोपेचे तास तसे फसवत नाहीत. शिवाय एका मोठ्या कागदावर आडवी रेघ मारून, शाळा संपल्यापासूनचे चढ वर आणि उतार खाली असे काढले. नवऱ्याने जुने बँकेचे तपशील आणि फोटो बघून तारखा भरल्या, दादाने फोनवरून. त्या कागदावर प्रत्येक चढाला लागूनच उतार होता. कॉलेजमधल्या त्या काळाच्या आधीसुद्धा एक छोटा चढ निघाला, तो माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दुसरं मत घेतलं. आमच्या डॉक्टरांनीच सारांशाचं पत्र दिलं, त्यांना वाईट वगैरे वाटलं नाही. जाताना रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या, मूड चार्ट आणि तो मोठा कागद सोबत नेला. एरवी सगळी कहाणी सुरुवातीपासून सांगण्यात भेट संपली असती. नोव्हेंबर-डिसेंबर पुन्हा नैराश्यात गेले. जानेवारीत औषधाशिवाय एक छोटा चढ आला, आठवडाभर टिकला, आणि या वेळी तो वहीत नोंदलेला होता. फेब्रुवारीत निदान बदललं.

त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. सुटका वाटली हे खरं, कारण इतकी वर्षं स्वतःला आळशी आणि लहरी समजत आले होते. पण रडू त्याचं नव्हतं. माझे सर्वांत चांगले दिवस आजाराचे होते की काय, हे मला सहन होत नव्हतं. पहिल्या नोकरीतली ती मुलगी, ती मी नव्हतेच का? हे मी समुपदेशक ताईंशी बरेच दिवस बोलत राहिले, अजूनही बोलते. त्या घाईने उत्तर देत नाहीत, हे मला आवडतं. त्यांनी एवढंच करायला सांगितलं: त्या काळातल्या ज्या गोष्टी आजही हव्याशा वाटतात त्या लिहून काढ. शिकण्याची हौस आजही आहे. लोकांशी भरभरून बोलणं आवडतं. रात्रभर जागणं आणि उसने पैसे यादीत आले नाहीत. ती यादी माझ्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना बायपोलर होता. त्यांच्यातल्या किती जणांना हाच प्रश्न पडला असेल, असा विचार मनात येतो.

औषधांच्या पर्यायांत डॉक्टरांनी लिथियम आधी समजावलं. १९४९ पासून ज्ञात असलेलं, आजही महत्त्वाचं औषध. त्यासाठी रक्तातली पातळी नियमित तपासावी लागते, शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी नमुना द्यायचा असतो. मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं मनाने घेऊन चालत नाहीत. माझा मुख्य त्रास नैराश्याचा, म्हणून लॅमोट्रिजिन ठरलं. हे फार हळूहळू वाढवतात, कारण घाईने वाढवलं तर त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. काही दिवस सलग गोळ्या चुकल्या तर आपणहून जुन्या डोसवर परत सुरू करायचं नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी या औषधाची रक्तातली पातळी घटते. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही त्यामुळे हे औषध सांगून ठेवलं आहे.

कागदोपत्री एफ ३३ च्या जागी एफ ३१.८ आलं. विम्यात ॲडमिट न होता घेतलेले उपचार धरतात का आणि कोड बदलल्याने काही फरक पडतो का, हे मी आधी फोनवर आणि मग मेलवर विचारून घेतलं. डॉक्टरांकडून एक छोटं पत्रही घेतलं, की निदानात सुधारणा झाली आहे, हा नवा वेगळा आजार नाही. क्लेमच्या वेळी तेच मागितलं गेलं.

एप्रिलमध्ये डोस ठरलेल्या पातळीवर आला. नैराश्य पुरतं गेलेलं नाही, पण त्याची खोली कमी झाली आहे. मी पूर्णवेळ कामावर जाते. रात्रपाळी नको म्हणून डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज केला, तो मान्य झाला. मूडची वही चालू आहे.

चढ सुरू झालेला मला आतून ओळखता येईलच असं नाही. म्हणून बरी असताना नवरा, दादा आणि मी बसून एक कागद केला आणि डॉक्टरांना दाखवला. सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोपूनही मी थकलेली दिसले नाही, तर त्यांनी मला न विचारता डॉक्टरांना फोन करायचा. कुणाकडे पैसे मागितले तर आठवडाभर थांबायला सांगायचं. तेव्हा मी चिडेन, हेही त्यात लिहिलं आहे, आणि तरी फोन करायचाच, असंही. खाली माझी सही आहे. एक प्रत दादाकडे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये.